सोमवार, बुधवार, शुक्रवार

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे गोळीचे वार आहेत. गोळी अ‍ॅझिथ्रोमायसिनची. नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी ती वर्षभरासाठी लिहून दिली होती. ते वर्ष आता संपत आलं आहे आणि घरात वाद पेटला आहे. गुरुजी म्हणतात, ही गोळी आता मरेपर्यंत सोडायची नाही. त्यांची भाची नागपूरला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्णांच्या बेडक्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते पाहायचं, हे तिचं रोजचं काम. ती म्हणते, वर्ष झालं की थांबायचं, तपासायचं, मगच पुढचं ठरवायचं.

हे गुरुजी, म्हणजे भाचीचे मामाजी, आणि ही भाची या लेखासाठी उभी केलेली माणसं आहेत. त्यांच्यातला वाद मात्र क्षयातून बरा होऊनही खोकत राहिलेल्या माणसाच्या घरी आज ना उद्या होतोच.

मामाजींना दोनदा क्षय झाला. पहिल्या वेळी दोन महिन्यांत भूक लागली, अंगावर मांस चढलं, आणि शाळेच्या परीक्षांच्या धामधुमीत गोळ्या सुटल्या. मग आजार उलटला. तेव्हा उलटलेल्या क्षयाला सरकारी कार्यक्रमात आठ महिन्यांचा उपचार असे, त्यातले पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. ती त्यांनी एकही न चुकवता घेतली. कार्डावर ‘बरा’ असा शेरा पडला. त्या काळी या सरकारी डॉट्स कार्यक्रमातलं औषध आठवड्यातून तीनच दिवस मिळायचं. रोज गोळी देण्याची पद्धत देशभर लागू झाली ती २०१७ मध्ये. त्यामुळे सोम-बुध-शुक्रचं गणित मामाजींच्या अंगवळणी पडलेलं आहे.

जंतू गेले, खोकला राहिला. दर थंडीत वाटीभर पिवळा-हिरवा बेडका, धाप, कधी रक्ताची रेघ. दर वेळी घरच्यांच्या पोटात गोळा यायचा, की टीबी परत आला. जामसावळीच्या हनुमानाला मामींचे शनिवार झाले, औषधाच्या दुकानातल्या पट्ट्या झाल्या, आणि अनेक वर्षांनी एका सीटी स्कॅनमध्ये खरं नाव सापडलं. ब्रॉन्किएक्टॅसिस. क्षयाने किंवा जुन्या न्यूमोनियाने श्वासनलिकांच्या भिंती खाल्ल्या जातात, नळ्या कायमच्या रुंद आणि सैल होतात. तिथे कफ साचतो, कफात जंतू वाढतात, जंतूंशी लढताना शरीर त्याच भिंती आणखी खराब करतं, आणि मग आणखी कफ साचतो. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं. दोनशे वर्षांनी आपल्याकडे तो अजून ‘जुनाट खोकला’ याच नावाखाली फिरतो आहे.

भारतात या आजाराची मोठी नोंदणी झाली ती २०१५ ते २०१७ या काळात. ३१ केंद्रांतल्या २,१९५ रुग्णांची ही माहिती २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आजाराचं सगळ्यात मोठं कारण निघालं आधी होऊन गेलेला क्षय, ३५.५ टक्के रुग्णांत. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतातला आहे. त्यातले बहुतेक बरे होतात. पण बऱ्या झालेल्यांपैकी कितीतरी जण मामाजींसारखी डागाळलेली फुप्फुसं घेऊन पुढची वीस-तीस वर्षं काढतात, आणि ‘बरा’ या शेऱ्यानंतर त्यांची फाईल बंद झालेली असते.

“मागच्या थंडीत मी एकदाही भरती झालो नाही,” हा मामाजींचा पहिला मुद्दा. “त्याच्या आधीच्या थंडीत तीनदा झालो होतो. आता हे तू तुह्या बशीत घालून पाह्य, अन् सांग मले, गोळी काहून सोडू?”

भाची इथे वाद घालत नाही, कारण घालण्यासारखं काही नाही. न्यूझीलंडमध्ये १४१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. निम्म्या रुग्णांना सहा महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. आजार उसळण्याचं प्रमाण सहा महिन्यांत बिनऔषधाच्या गटात दर माणशी १.५७ होतं, औषधाच्या गटात ०.५९. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ८३ रुग्णांवरचा वर्षभराचा अभ्यास आला. बिनऔषधाच्या गटात ८० टक्के रुग्णांचा आजार वर्षात एकदा तरी उसळला, औषधाच्या गटात ४६ टक्क्यांचा. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात एरिथ्रोमायसिन या भाऊबंद औषधाचीही चाचणी झाली आणि कौल त्याच बाजूने पडला.

“म्हणजे मी म्हणतो तेच बरोबर न?”

“फायदा खराच आहे, मामाजी. पण त्याच डच अभ्यासात पुढचा आकडा आहे. औषध घेणाऱ्यांमध्ये ८८ टक्के जणांच्या जंतूंत त्या औषधाला दाद न देण्याची ताकद दिसली. न घेणाऱ्यांत ती २६ टक्के होती.”

मामाजी गणिताचे शिक्षक. आकड्याला ते आकड्यानेच उत्तर देतात. “अस्सं. जंतू औषधाले जुमानत नाही, अन् तरी माणूस कमी आजारी पडते. मंग तुह्या बशीतल्या रिपोर्टाचा उपयोग काय?”

प्रश्न बिनतोड आहे, आणि प्रयोगशाळा आणि डॉक्टर यांच्यात तो नेहमी अडकतो. मामाजींच्या बेडक्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू सापडलेला आहे. वर सांगितलेल्या भारतीय नोंदणीतही तो १३.७ टक्के रुग्णांत होता. ठरलेल्या पद्धतीने बशीत तपासलं तर अ‍ॅझिथ्रोमायसिन या जंतूला मारत नाही. तरीही रुग्णाला बरं वाटतं, कारण हे औषध फक्त जंतू मारत नाही. ते फुप्फुसातली जळजळ कमी करतं, आणि जंतूंचा एकमेकांशी चालणारा रासायनिक संवाद बिघडवतं. म्हणून बशीत ‘रेझिस्टंट’ दिसलं तरी या एका औषधाचा लाभ खोटा ठरत नाही.

भाची हे कबूल करते आणि लगेच पुढे जाते. “पण मामाजी, हे औषध तुमच्या छातीतच थांबत नाही न. तुमच्या घशात, पोटात, कातडीवर जे बाकीचे जंतू राहतात, त्या सगळ्यांना आठवड्यातून तीनदा त्याची ओळख होते. उद्या नातवाचा घसा बसला, त्याला हेच औषध लागलं, आणि त्याचे जंतू तुमच्याकडून आलेले असले तर?”

यावर मामाजी गप्प बसतील असं वाटत होतं. ते चिडले.

“मले एक सांग. जगातल्या रेझिस्टन्सचा सारा हिशोब माह्याच छातीतून वसूल करायचा काय? कोंबड्याईले अँटिबायोटिक देतात, तिथं कोणी नाही बोलत. दुकानात कोणीही जाऊन पट्टी आणते, तिथं कोणी नाही बोलत. इतके वर्ष लिंबाच्या झाडावर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं, कृषी केंद्रवाला पुड्या काढून देत होता, तिथं नाही बोललं कोणी. अन् एक म्हातारा डॉक्टरच्या कागदावर गोळी खाते, तर त्याले देशाची काळजी शिकवता?”

या तक्रारीत दम आहे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने लावला. क्षयावरचं हे पहिलं खरं औषध. आपल्याकडे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो अशी औषधं देशातच स्वस्तात तयार व्हावीत म्हणून. त्याच कारखान्याची स्ट्रेप्टोसायक्लिन ही पुडी, ज्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि बाकी टेट्रासायक्लिन, विदर्भ-सातपुड्याच्या बागायतदाराला पाठ आहे. संत्रा-लिंबाच्या या पट्ट्यात पानांवर खैऱ्या आला की ताम्रयुक्त औषधात ती मिसळून फवारायची. जे औषध मामाजींना दंडात टोचलं गेलं, तेच त्यांनी पाठीवर पंप बांधून आपल्या बागेतल्या झाडांवर उडवलं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा आदेश काढून शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवायचं आणि १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद करायचं प्रस्तावित केलं. क्षयावरच्या औषधाला झाडांवरून उतरवायचं सुचायला इतकी वर्षं जावी लागली, याची लाज वाटायला हवी ती धोरण ठरवणाऱ्यांना, सौंसरच्या बागायतदाराला नाही.

त्यामुळे ‘मीच काहून?’ या प्रश्नाला नीतीचा उपदेश हे उत्तर होऊ शकत नाही. भाचीने तो केला नाही, हे तिचं शहाणपण. तिने बागेचाच धागा धरला.

“मामाजी, खैऱ्यावर नुसती फवारणी चालायची?”

“नुसत्या फवारणीनं काय होते? रोगट फांद्या छाटून, गोळा करून जाळा लागते आधी. झाडावर रोग तसाच ठेवून फवारत बसलं तर पुडीचा पैसा पाण्यात.”

“मग छातीतली छाटणी कधी केली तुम्ही? फिजिओथेरपिस्टनं शिकवलेलं रोज करता?”

मामाजी बाहेर बघू लागले.

इथे वादाचा खरा गाभा आहे, आणि गोळीच्या बाजूने बोलणारे आणि विरुद्ध बोलणारे दोघंही तो सहसा टाळतात. ब्रॉन्किएक्टॅसिसच्या उपचाराचा पाया म्हणजे साचलेला कफ रोज, ठरवून, बाहेर काढणं. दिवसातून एक-दोनदा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं. आधी शांत श्वास, मग छाती पूर्ण फुगेल असे तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास क्षणभर रोखून. मग तोंड उघडं ठेवून, घसा सैल सोडून, आरशावर वाफ धरायला टाकावा तसा ‘हा’ असा जोरकस उच्छ्वास. त्याने कफ आतल्या बारीक नळ्यांतून मोठ्या नळीत येतो आणि मग साध्या खोकल्याने सुटतो. फुप्फुसाचा जो भाग खराब असेल तो वर राहील अशा कुशीवर झोपून हे केलं तर आणखी सोपं जातं. कफ चिकट असेल तर त्याआधी नेब्युलायझरमधून तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ. ती मात्र पहिल्यांदा डॉक्टरांसमोर घ्यावी, कारण काहींच्या नळ्या त्याने आवळतात. युरोपीय रेस्पिरेटरी सोसायटीची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दीर्घकाळ अँटिबायोटिक द्यायचं ते वर्षात तीन किंवा अधिक वेळा आजार उसळणाऱ्यांना, आणि कफ काढण्याची ही शिस्त नीट बसवल्यानंतर.

“करत होतो,” मामाजी म्हणाले. “पण तो आवाज. खाकरणं, थुंकणं. सून स्वयंपाक करून राहिली, नात अभ्यास करून राहिली, अन् मी आतल्या खोलीत खाकरतो. शेजारचा विचारते, गुरुजी, पुन्हा टीबी झाला काय? गोळी गिळली का कोणाले ऐकू जात नाही.”

हे कारण लहान नाही. क्षयाची भीती गावात इतकी खोल आहे की बरा झालेला माणूस खोकला दाबतो, आणि या आजारात खोकला दाबणं हेच सगळ्यात वाईट. मामाजींचा खोकला आज संसर्ग पसरवणारा क्षय नाही, हे त्यांच्या तपासण्या सांगतात. पण तो कागद ते शेजाऱ्याला कसा दाखवणार? चाळीस वर्षं वर्गात खणखणीत बोललेल्या माणसाला स्वतःच्या घरात आवाज चोरून जगावं लागतं, ही गोष्ट औषधाच्या कोणत्याही दुष्परिणामापेक्षा कमी नाही.

पैशाचं कारणही आहे. आयुष्मान कार्डावर भरती झालं तर खर्च सरकार उचलतं, आणि मध्य प्रदेशातलं कार्ड नागपूरच्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. पण ती योजना भरतीसाठी आहे. घरचा नेब्युलायझर, फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या, बाह्यरुग्ण विभागातल्या गोळ्या, नागपूरपर्यंतचा साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास, हे सगळं खिशातून. “म्हणजे असं पाह्य,” मामाजी म्हणतात, “आजारी पडून खाटेवर गेलो तर सरकार पैसे देते, अन् खाटेवर जाऊ नये म्हणून धडपडलो तर ते माहे मले भरा लागते.” या हिशोबात त्यांची एकही बेरीज चुकलेली नाही.

भाचीचा पुढचा मुद्दा मात्र मामाजींनाही हलवून गेला. अ‍ॅझिथ्रोमायसिन एकट्याने सुरू करण्याआधी बेडक्यात एका वेगळ्या कुळाचे जंतू नाहीत ना, हे पाहावं लागतं. क्षयाच्या जंतूचे हे भाऊबंद माती-पाण्यात राहतात, आणि जुन्या क्षयाने खराब झालेल्या फुप्फुसात घर करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते क्षयाच्या जंतूसारखेच दिसतात, म्हणून कित्येकांना ‘टीबी उलटला’ किंवा ‘औषधांना दाद न देणारा टीबी’ म्हणून चुकीचा उपचार सुरू होतो. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसतात पण सीबीनॅट चाचणीत क्षय येत नाही, तेव्हा शंका घ्यायची ती यांची. यांच्यातल्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारावर अ‍ॅझिथ्रोमायसिन हाच उपचाराचा कणा असतो. त्याच्या जोडीला आणखी दोन औषधं देऊन, बेडका जंतुमुक्त झाल्यावरही वर्षभर तो चालवावा लागतो. असे जंतू असताना नुसतं अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं, तर तोच कणा मोडतो.

“माही झाली होती ती तपासणी?” मामाजींनी विचारलं.

“सुरू करताना झाली होती, निगेटिव्ह. वर्ष झालं. आता पुन्हा करायची. मी थांबा म्हणते ते याच्यासाठी. आणि ईसीजी. आणि कान.”

कानाचं नाव निघालं आणि घर गप्प झालं. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनंतर मामाजींच्या डाव्या कानात जी शिट्टी वाजू लागली ती आजही थांबलेली नाही. त्या कुळातली इंजेक्शनं आतल्या कानातल्या पेशी मारतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी क्षयाशी झुंजताना अशाच एका इंजेक्शनामुळे २०१३ मध्ये ऐकण्याची शक्ती गमावली. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवायला मुंबईच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. टिसिले यांचंही ऐकणं क्षयावरच्या औषधांनी गेलं होतं. मार्च २०२३ मध्ये पेटंटचा तो अर्ज फेटाळला गेला आणि हे औषध स्वस्तात बनवण्याचा रस्ता मोकळा झाला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालत. सप्टेंबर २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिलेल्या नव्या पद्धतीत बेडाक्विलिन धरून चार औषधं साधारण सहा महिने तोंडाने घ्यायची असतात, इंजेक्शन नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनही दीर्घकाळ घेताना काहींच्या कानांवर आणि हृदयाच्या लयीवर परिणाम करतं. आधीच एक कान अर्धा गेलेल्या माणसाने वर्षाकाठी कान तपासून घ्यावेत, यात वाद घालण्यासारखं काय आहे?

आणि क्षयाच्या त्या नव्या पद्धतीतल्या चार औषधांतलं एक आहे मॉक्सिफ्लॉक्सासिन. भाचीचा राग खरा आहे तो इथे.

“सोम-बुध-शुक्रची तुमची गोळी मला एवढी नाही खटकत, मामाजी. मधे ताप आला तेव्हा दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिनची पट्टी आणली, ते खटकते. पाच दिवस खाऊन सोडून दिली.”

“बरं वाटलं मले.”

“वाटणारच. ते क्षयाच्या जंतूवरही चालतं. आत क्षय असता तर तोही थोडा दबला असता, बेडक्यात सापडला नसता, आणि नंतर उठला असता तो त्याच कुळातल्या मॉक्सिफ्लॉक्सासिनला ओळखून. मग शेवटच्या फळीतलं औषध तुमच्यासाठी गेलं असतं.”

मार्च २०१४ पासून लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि क्षयाची औषधं एच-१ या अनुसूचीत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची आहे. प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाविरुद्ध राज्यपातळीवर कृती आराखडा करणारं केरळनंतरचं दुसरं राज्य म्हणजे मध्य प्रदेश, २०१९ मध्ये. कागद आहेत. काउंटरवर पट्टी मागणाऱ्याला ‘चिठ्ठी दाखवा’ म्हणणारा माणूस हवा आहे, आणि त्या दुकानदाराला तसं म्हणता यावं म्हणून गावात सहज भेटणारा डॉक्टरही हवा आहे. रात्री धाप लागलेल्या माणसाला नागपूरच्या तारखेची वाट बघ म्हणणं सोपं आहे, बघणं अवघड.

म्हणून मामाजींच्या डॉक्टरांनी एक चांगली गोष्ट केली आहे. आजार उसळला तर कोणती गोळी, किती दिवस घ्यायची, हे शेवटच्या बेडका तपासणीवरून ठरवून त्यांनी आधीच लिहून दिलं आहे, आणि गोळी सुरू करण्याआधी बेडक्याची डबी भरून ठेवायला सांगितलं आहे. असा कागद घरात असला की चिठ्ठीशिवाय दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

या दोघांत कोण बरोबर, असं विचारलं तर या लेखाचं उत्तर स्पष्ट आहे. गोळीच्या लाभाबद्दल मामाजी बरोबर आहेत, आणि समाजाच्या नावाने एकट्या रुग्णाला दोषी ठरवण्याला त्यांचा विरोध रास्त आहे. पण ‘मरेपर्यंत’ हा शब्द चूक आहे. ज्या अभ्यासांच्या जोरावर ही गोळी दिली जाते ते सहा महिन्यांचे आणि वर्षाचे आहेत. वर्षभरानंतर बेडका, कान आणि ईसीजी तपासून, गरज उरली असेल तर आणखी मुदत ठरवून ती पुढे चालू ठेवता येते, आणि थंडी सरल्यावर थांबवून पाहताही येते. तपासणीची तारीख नसलेलं अँटिबायोटिक म्हणजे उपचार नाही. आणि कफ काढण्याची शिस्त नसेल तर तारीख असूनही उपयोग थोडा.

सर्वांत मोठी चूक मात्र या घराबाहेरची आहे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपचार संपलेल्या रुग्णाची सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणी व्हायला हवी. मामाजींचा उपचार त्याआधीचा, त्यांना ही सोय मिळालीच नाही. आजच्या रुग्णाला ती कागदावर आहे. या चार भेटींत फक्त ‘क्षय परत आला का’ एवढंच न पाहता फुप्फुसाची ताकद मोजली, कफ काढायला शिकवलं, फ्लू आणि न्यूमोनियाची लस दिली, तर कितीतरी सौंसरकरांना वीस वर्षांनी सीटी स्कॅनमध्ये आपल्या आजाराचं नाव शोधावं लागणार नाही. क्षयरुग्णाला उपचारादरम्यान पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाली, हे चांगलं झालं. ती शेवटच्या गोळीबरोबर थांबते. फुप्फुसाची गरज तिथे थांबत नाही.

भाचीने पुढच्या तपासणीची तारीख घेतली आहे. मामाजींनी अट घातली की तोवर गोळी चालू राहील, आणि तिने ती मान्य केली. मामींनी मागच्या पडवीतल्या खोलीला दार बसवायला सुतार बोलावला आहे. सकाळी तिथे बसून हवं तितकं खाकरायला गुरुजींना आता मोकळीक आहे.

तुमच्या घरी कुणाचा क्षयाचा उपचार पूर्ण झाला असेल आणि तरीही महिनोनमहिने बेडका पडत असेल, तर दुकानातली पुढची पट्टी घेण्याआधी तो बेडका डबीत भरून तपासायला द्या. सीबीनॅट सरकारी केंद्रात मोफत होते. कल्चरचीही, म्हणजे जंतू बशीत वाढवून पाहण्याचीही, मागणी करा. छातीच्या डॉक्टरांना सीटी स्कॅनची गरज आहे का ते विचारा, आणि कफ काढण्याची पद्धत शिकल्याशिवाय त्यांच्या खोलीतून उठू नका. उपचार संपून दोन वर्षं झाली नसतील तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन त्या चार तपासण्या मागा. त्या तुमच्या हक्काच्या आहेत.